दोन तपासण्या, एक घर : न्यू जर्सीतल्या एका एफएचए खरेदीची फाइल

मिडलसेक्स काउंटीतलं १९५२ सालचं केप कॉड धाटणीचं घर. मान्य झालेली ऑफर ४,८५,००० डॉलर. घेणारं जोडपं मूळचं सांगलीकडचं. दोघांना ग्रीन कार्ड मिळून वर्ष होत आलेलं, तीन वर्षांची मुलगी, आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येऊ घातलेले नवऱ्याचे आई-बाबा. मी गृहकर्जाच्या फायली हाताळतो, त्यातलीच ही एक. दोघांची परवानगी घेऊन लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधी, एफएचए (फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, गृहकर्जाला विमा देणारी सरकारी संस्था) कर्जच का, ते सांगायला हवं, कारण आपल्या लोकांत अजून समज आहे की हे कर्ज ‘गरिबांसाठी’ असतं. दोघांचा पगार चांगला होता. पण बचतीचा मोठा भाग सांगलीतल्या फ्लॅटमध्ये अडकलेला, आणि बाबांच्या बायपासच्या वेळी इथल्या क्रेडिट कार्डांवर काढलेली रक्कम अजून फिटत होती. त्यामुळे क्रेडिट स्कोअर साडेसहाशेच्या आतच घुटमळत होता. अशा स्कोअरवर साधं, सरकारी विम्याशिवायचं कर्ज मिळतं, पण महाग पडतं. एफएचएमध्ये ५८० किंवा त्याहून जास्त स्कोअर असला की साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर काम भागतं. म्हणजे इथे १६,९७५ डॉलर.

ही सवलत फुकट नाही. कर्जाच्या पावणेदोन टक्के विमा हप्ता सुरुवातीलाच लागतो. तो बहुतेक जण कर्जातच मिळवतात. यांच्या बाबतीत ८,१९० डॉलर. शिवाय दरवर्षी सुमारे ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. डाउन पेमेंट दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर हा वार्षिक हप्ता कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. त्यातून सुटायचं तर पुढे कधीतरी रिफायनान्स, म्हणजे नवं कर्ज काढून हे फेडणं.

यांना एफएचए सुचवणारा मित्र एच-वन-बीवर होता आणि त्याने स्वतः असंच घर घेतलं होतं. ते तेव्हा चालायचं. २५ मे २०२५ पासूनच्या नव्या फायलींना ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. नुसत्या वर्क व्हिसावर असलेल्यांसाठी हा दरवाजा बंद झाला आहे, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुना सल्ला अजून फिरतो.

आता मूळ मुद्दा. फाइल उघडल्यावर दोन दिवसांत नवऱ्याचा फोन आला.

“काका, एफएचएचा माणूस घर बघायला येणारच आहे ना? मग एजंट म्हणते तो वेगळा इन्स्पेक्टर कशाला? पाचशे डॉलर वाचतील.”

प्रश्न चुकीचा नव्हता. सांगलीत फ्लॅट घेताना बँकेचा व्हॅल्युअर आला, फोटो काढले, चहा घेतला, गेला. घर बांधलंय कसं, नळ्यांतून काय वाहतंय, हे कोणी वेगळं तपासलं नाही. बाबांनी भिंतीवर थाप मारून ‘काम पक्कं आहे’ म्हटलं, तीच तपासणी. त्यात इथे ‘सरकारी’ कर्ज. सरकार हमी घेतंय म्हणजे सरकारने घर पारखून घेतलं असणार, असं कुणालाही वाटेल.

पण ही हमी असते कर्ज देणाऱ्याला. एफएचए १९३४ साली, मंदीत बँका हात आखडून बसल्या होत्या तेव्हा निघाली, आणि तेव्हापासून तिचा धंदा एकच : कर्जदाराने हप्ते थकवले तर देणाऱ्याचं नुकसान भरून देणं. ती स्वतः कर्ज देत नाही. तिच्या नावाने जो अप्रेझर (घराचं मूल्यांकन, म्हणजे अप्रेजल, करणारा) येतो तो दोन गोष्टी बघतो : आजच्या बाजारात घर किती किमतीला जाईल, आणि ते राहण्याजोगं, सुरक्षित आणि मजबूत आहे का. दुसरी गोष्ट ठरावीक किमान अटींपुरतीच. या फायलींमध्ये ग्राहकाला एक सरकारी पत्रक द्यावंच लागतं. स्वतःच्या संरक्षणासाठी घराची वेगळी तपासणी करून घ्या, घराच्या किमतीची किंवा अवस्थेची हमी एफएचए देत नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. लोक ते बाकीच्या कागदांसोबत पुढे सारतात. बायकोने ते वाचलं होतं. इन्स्पेक्टर लावायचा हे तिनेच ठरवलं.

न्यू जर्सीत एजंटने केलेल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की कामाचे तीन दिवस वकिलांच्या पडताळणीसाठी असतात. इन्स्पेक्शनची मुदत वकिलाने तिथे नीट घालून घेतली. अप्रेजलची ऑर्डर मी मुद्दाम थांबवली. इन्स्पेक्शनमध्ये व्यवहार मोडला तर अप्रेजलचे सहा-सातशे डॉलर पाण्यात जातात.

इन्स्पेक्टर साधारण तीन तास घरात होता. राज्याचा परवाना असलेला, साठीतला, फारसं न बोलणारा माणूस. बायको त्याच्या मागे मागे फिरली, आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो : अहवाल येईलच, पण सोबत फिरा. पुढच्या भिंतीशी हायड्रेंजियाची दाट झुडपं होती. त्याने ती हाताने बाजूला केली तर जमिनीतून वर आलेल्या दोन लोखंडी नळ्या, एक जाड, एक बारीक, बारीक नळीवर छत्रीसारखं टोपण. मग तो बेसमेंटमध्ये गेला आणि त्याच भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटमधून बाहेर आलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या दाखवल्या, टोकं चेपून बंद केलेल्या. घर आता गॅसवर तापत होतं. कधीकाळी ते तेलावर तापायचं, आणि तेलाची टाकी अजून अंगणात पुरलेली होती.

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्याला याहून मोठी धास्ती नाही. लोखंडी टाकी सत्तर वर्षांत गंजते. गळली नसेल तर काढायला काही हजार डॉलर. गळली असेल तर माती उपसणं, राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं, चाचण्या, आणि खर्च कुठवर जाईल ते खणल्याशिवाय कळत नाही. घर ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याच्यावर. जमिनीत टाकी आहे म्हटल्यावर विमा कंपन्याही तोंड फिरवतात.

बाकीच्या नोंदी : छपरावर शिंगलचे (कौलांसारख्या पातळ तुकड्यांचे) दोन थर, वरचा थर झिजलेला, चारेक वर्षं निघतील. सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घातला तर एका सांध्यात झाडाची मुळं. आणि रेडॉन.

रेडॉनबद्दल थोडं थांबतो, कारण भारतातून आलेल्यांनी हे नावच ऐकलेलं नसतं. जमिनीतल्या युरेनियमच्या क्षयातून तयार होणारा, वास-रंग नसलेला, किरणोत्सारी वायू. तळघरातून घरात शिरतो आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. घराघरातला रेडॉन हा प्रश्न अमेरिकेला कळला तोच आमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. १९८४ च्या डिसेंबरात स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते लिमरिक अणुवीज केंद्रात कामाला जाताना तिथल्या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजवत होते. केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. ते किरणोत्सार घरून अंगावर घेऊन येत होते. आज पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किंवा जास्त निघाले की उपाय करा म्हणते. या घराच्या बेसमेंटमध्ये ६ च्या वर निघाले. घाबरून घर सोडावं असा हा आकडा नाही. नळी आणि पंखा बसवून वायू छपराबाहेर सोडायचा, हजार-दीड हजारात काम होतं. पण सासू-सासऱ्यांची खोली त्याच बेसमेंटमध्ये करायची ठरली होती, म्हणून बायकोने तो मुद्दा लावून धरला.

विकणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या, चाळीस वर्षं त्याच घरात. त्यांच्या एजंटचं म्हणणं पडलं, टाकीचा कोणाला कधी त्रास झाला नाही. वकिलांची पत्रं आठवडाभर इकडून तिकडे गेली. शेवटी बाईंनी टाकी काढून द्यायची, माती स्वच्छ असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल द्यायचा आणि रेडॉनचा पंखा बसवायचा, असं ठरलं. छपरासाठी काही मिळालं नाही. मुळांची सफाई घेणाऱ्यांनी स्वतः करून घ्यायची. टाकी निघाली तेव्हा खालून पापुद्रे सुटलेली होती, पण गळलेली नव्हती. नगरपालिकेचा माणूस खड्ड्यात डोकावून सही करून गेला. नशीब, दुसरं काय.

मग मी अप्रेजल मागवलं. अप्रेझर कोण येणार हे मी, एजंट किंवा ग्राहक ठरवू शकत नाही. मधल्या कंपनीकडून एफएचएच्या यादीतलं नाव येतं. हा माणूस पाऊण तासात मोकळा झाला. नळ सोडून बघितले, फ्लश ओढला, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) चालू केला, अ‍ॅटिकच्या झडपेतून डोकं-खांदे आत घालून टॉर्च फिरवला, बाहेरून मापं घेतली, फोटो काढले. घाईत होता असं नाही. त्याचं काम तेवढंच आहे.

त्याच्या अहवालात दुरुस्त्या निघाल्या दोन. वॉटर हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला खाली उतरणारा पाइप नाही : दाब वाढून व्हॉल्व्ह उघडला तर उकळतं पाणी समोरच्याच्या अंगावर. आणि मागच्या पोर्चच्या व गॅरेजच्या खिडक्यांच्या चौकटींवरचा रंग उडालेला. अमेरिकेत घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली; त्याआधीच्या घरात पोपडे सुटलेला रंग दिसला की एफएचए तो शिशाचाच धरते. खरवडा, पुन्हा रंगवा, त्याशिवाय कर्ज नाही.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. अप्रेझरच्या यादीतला पाइप हार्डवेअरच्या दुकानात वीस-पंचवीस डॉलरला मिळतो आणि रंगाचं काम काही शे डॉलरचं. तेवढ्यासाठी जवळजवळ पावणेपाच लाखांचं कर्ज अडून राहिलं. इन्स्पेक्टरच्या यादीत टाकी, छप्पर, रेडॉन, ड्रेनेज; त्यातल्या कशानेही बहुधा कर्ज अडलं नसतं. छपराचं आयुष्य निदान दोन वर्षं उरलंय एवढं अप्रेझरला दिसलं की त्याचं समाधान होतं. रेडॉन मोजणं त्याचं कामच नाही. फ्लश झाला की ड्रेनेज ठीक. पुरलेल्या टाकीची खूण दिसली तर त्याने नोंदवायची असते, पण त्या झुडपांमागच्या नळ्या त्याला दिसल्या असत्या यावर मी पैज लावणार नाही. आणि उलट बाजूही तितकीच खरी : इन्स्पेक्टरचं काही ऐकायला विक्रेता बांधील नसतो, अप्रेझरच्या दुरुस्त्या कोणीतरी कराव्याच लागतात. एक यादी तुमच्या बाजूची पण मागणीपुरती, दुसरी सक्तीची पण तुमच्यासाठी बनवलेलीच नाही. विक्रेत्यांचे एजंट एफएचए ऑफरला नाक मुरडतात ते या सक्तीमुळे.

खरा दणका अहवालाच्या शेवटी होता. मूल्यांकन : ४,७२,००० डॉलर. कराराच्या किमतीपेक्षा १३,००० कमी.

कारण बेसमेंट. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, चार बेडरूम होत्या, अप्रेझरने मोजल्या तीन. चौथी खोली जमिनीखाली, तिला छताजवळ एक बुटकी आडवी खिडकी, ज्यातून मांजर बाहेर पडेल, माणूस नाही. झोपण्याच्या खोलीला आग लागल्यास थेट बाहेर पडता यायला हवं; नेहमीचा बांधकाम कोड म्हणतो की खिडकीची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको आणि उघडी जागा निदान ५.७ चौरस फूट हवी. शिवाय जमिनीखालचं क्षेत्रफळ, कितीही सजवलेलं असलं, तरी घराच्या मूळ राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत. त्याची किंमत वेगळी आणि कमी लावतात. तुलनेसाठी त्याने घेतलेली जवळपासची तीन विकलेली घरं तीन बेडरूमचीच होती.

नवरा चिडला. “म्हणजे आम्ही तेरा हजार जास्त देत होतो?” बायकोला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. रात्री आग लागली असती तर गुडघे दुखणारे सासरे त्या खिडकीतून कसे निघाले असते? हे इन्स्पेक्टरनेही लिहिलं होतं, त्याच्या अहवालात चाळिसाव्या पानाच्या आसपास. टाकीच्या गदारोळात तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आकडे मी त्यांना असे मांडून दाखवले. एफएचए कर्ज करार आणि मूल्यांकन यातल्या कमी आकड्यावर मिळतं. ४,७२,००० च्या साडेशहाण्णव टक्के, ४,५५,४८०. कराराची किंमत कायम ठेवली तर खिशातून द्यायचे २९,५२०, म्हणजे आधीपेक्षा साडेबारा हजार जास्त. ते त्यांच्याकडे नव्हते. मित्राने सुचवलं, कर्ज देणारा बदला, नवं अप्रेजल होईल. होत नाही. एफएचएचा केस नंबर घराला लागलेला असतो, देणारा बदलला तरी तो नंबर आणि अप्रेजल सोबत जातात, आणि अप्रेजलची मुदत १८० दिवसांची.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, तो केला. एजंटने आणखी दोन घरांची विक्री शोधून दिली. एकाला गॅरेज दोन गाड्यांचं, दुसरं रेल्वे स्टेशनजवळ. अप्रेझरने दोन्ही का लागू नाहीत ते चार ओळींत लिहून आकडा कायम ठेवला. मला त्याचं पटलं, हे ग्राहकांना सांगणं जड गेलं तरी. सैन्यातल्या आजी-माजी लोकांसाठीच्या व्हीए कर्जात यापेक्षा चांगली सोय आहे : आकडा कमी येणार असं दिसलं की अप्रेझर अहवाल देण्याआधीच सांगतो, आणि पुरावे आणायला कामाचे दोन दिवस मिळतात. एफएचएत आधी आकडा, मग वाद.

पण एफएचएच्या करारात एक हुकमी पान असतं. घेणारा आणि विकणारा दोघांनी सही केलेलं एक कलम : मूल्यांकन किमतीपेक्षा कमी आलं तर घेणाऱ्यावर खरेदीची सक्ती नाही आणि त्याची बयाणा रक्कम जप्त होत नाही. यांचे १०,००० डॉलर वकिलाच्या खात्यात होते. व्यवहार सोडला असता तर ते जसेच्या तसे परत मिळाले असते, आणि बाईंना घर पुन्हा बाजारात लावावं लागलं असतं, या वेळी टाकीचा खर्च आधीच झालेला आणि चौथी बेडरूम लिस्टिंगमधून गळलेली. वकिलाने पत्रात एवढंच सौम्यपणे लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं : ४,७५,०००.

म्हणजे मूल्यांकनापेक्षा तीन हजार जास्त, जे यांनी स्वतःचे घालायचे. एकूण डाउन १९,५२०. ठरवलेल्यापेक्षा २,५४५ जास्त, पण घर दहा हजारांनी स्वस्त. मी होऊन काही म्हटलं नाही, बायकोनेच विचारलं, “काका, तुम्ही असता तर?” मी म्हटलं, घेतलं असतं, पण खोलीचा विचार करून. वरची लहान खोली आई-बाबांना द्यायची आणि मुलीला आपल्याजवळ झोपवायचं, हे तिथेच ठरलं.

राहिला रंग. बाईंचा पुतण्या शनिवारी आला आणि कोरड्या सँडपेपरने चौकटी घासून पांढरा रंग मारून गेला. शिशाच्या रंगाचं हे काम असं करायचंच नसतं : पोपडे पाण्याने ओले करून खरवडायचे, खाली प्लास्टिक अंथरायचं, पडलेलं सगळं गोळा करायचं. पैसे घेऊन काम करणाऱ्या रंगाऱ्याला जुन्या घरांत ईपीएचं प्रमाणपत्रच लागतं. अप्रेझर पुन्हा बघायला आला तेव्हा चौकटी चकाचक, आणि पोर्चखालच्या मातीत नखाएवढे पांढरे तुकडे पसरलेले. तीन वर्षांची मुलगी तिथेच खेळणार होती. त्याने फोटो काढून ‘काम अपूर्ण’ लिहिलं. प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवून वरची माती काढावी लागली, फेरतपासणीचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले, आणि व्याजदराच्या हमीची मुदत संपत आली म्हणून ती वाढवून घ्यायला आणखी काही शे डॉलर. हे सगळं विक्रेत्याकडून यायला हवं होतं. वकिलाने निम्मं वसूल केलं.

क्लोझिंग, म्हणजे व्यवहाराची शेवटची पूर्तता, ठरल्यापेक्षा दहा-बारा दिवस उशिरा झालं. आधीच्या दिवशी शेवटची फेरी मारताना बायकोने वॉटर हीटरचा पाइप, रेडॉनचा पंखा आणि अंगणातली बुजवलेली जागा तिन्हीचे फोटो काढून मला पाठवले. छपरासाठी त्यांनी महिन्याला वेगळे पैसे टाकायला सुरुवात केली आहे. बेसमेंटला मोठी खिडकी पाडायची तर पाया कापावा लागेल, नगरपालिकेचा परवाना लागेल. पहिल्या ठेकेदाराने सांगितलेला आकडा ऐकून ते काम पुढच्या वर्षावर गेलंय. तोवर खाली मुलीची खेळणी आणि बाबांचा कॅरम.